शिकायचं कशासाठी? ग्रीसमधला एक जुना वाद



"पोरीला एवढं शिकवून काय करायचंय?" हा प्रश्न ऐकला नाही अशी आपल्यात कुणी नसेल. आपलं उत्तरही ठरलेलं असतं : "नोकरी लागेल, स्वतःच्या पायावर उभी राहील." उत्तर बरोबरच आहे. पण शिक्षणाचा उपयोग तेवढाच का? सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीस देशातल्या अथेन्स शहरात याच प्रश्नावर मोठा वाद झाला. तो आज आम्ही तुम्हाला सांगणार आहोत.

अथेन्सचा कारभार सभेत चाले. नागरिक पुरुष जमत, बोलत आणि हात वर करून निर्णय घेत. कोर्टातही ज्याचा दावा त्यानेच उभं राहून बोलायचं, आणि ऐकायला पंच असत शेकडो. साहजिकच ज्याला बोलता येई तो जिंके. मग बोलायला शिकवणारे गुरू बाहेरगावांहून अथेन्सला येऊ लागले. त्यांना सोफिस्ट म्हणत. प्रोटॅगोरस हा त्यांतला नावाजलेला. माझ्याकडे शिकलेला तरुण घर नीट चालवील आणि शहराच्या कारभारातही पुढे येईल, असं तो म्हणे. फी मात्र भरपूर घेई.

लोकांच्या मनात शंका आली. पोरगा बोलण्यात हुशार झाला, पण वागण्यात चांगला झाला का? इ.स.पू. 423 मध्ये ॲरिस्टोफेनिस नावाच्या नाटककाराने यावर 'मेघ' हे विनोदी नाटक रंगभूमीवर आणलं. त्यात एक म्हातारा शेतकरी आहे. मुलाच्या घोड्यांच्या नादापायी तो कर्जात बुडालाय. सावकाराला कोर्टात बोलण्यात हरवायचं आणि कर्ज बुडवायचं, म्हणून तो मुलाला शाळेत घालतो. मुलगा खोट्याचं खरं करायला शिकतो, आणि एक दिवस बापालाच मारतो! वर सांगतो, "लहानपणी तुम्ही माझ्या भल्यासाठी मला मारलंत. म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण. मग आता मी मारलं तर काय चुकलं?" आईलाही मारणं कसं योग्य आहे, ते सिद्ध करून दाखवतो म्हणतो. तेव्हा कुठे म्हाताऱ्याचे डोळे उघडतात आणि तो ती शाळाच पेटवून देतो.

नाटकात त्या शाळेचा गुरू दाखवला होता सॉक्रेटिस. हा त्याच्यावर अन्यायच होता, कारण खरा सॉक्रेटिस फी घेत नसे. तो बाजारात, रस्त्यात लोकांना प्रश्न विचारी. त्याची आई सुईण होती. प्लेटो हा त्याचा शिष्य. प्लेटोच्या एका ग्रंथात सॉक्रेटिस म्हणतो, की माझंही काम सुईणीचंच आहे. विचार दुसऱ्याच्या पोटात असतो, मी फक्त तो बाहेर यायला मदत करतो. त्याच्या मते शिक्षण वाद जिंकण्यासाठी नव्हतं, आपण कसं जगतोय ते तपासण्यासाठी होतं. असे प्रश्न सगळ्यांना सोसत नाहीत. इ.स.पू. 399 मध्ये तरुणांना बिघडवल्याचा आणि शहराचे देव न मानल्याचा आरोप ठेवून त्याला विष प्यायला लावलं.

पुढे प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटल याने लिहिलं, की मुलांना पोटापाण्याचं शिकवावं, चांगलं वागायला शिकवावं की त्यापलीकडचं ज्ञान द्यावं, यावर लोकांचं एकमत नाही. त्याचं स्वतःचं म्हणणं असं, की उपयोगाचं शिकावंच, पण तेवढ्यावर थांबू नये. माणूस काम करतो ते शेवटी फुरसत मिळावी म्हणून, आणि ती फुरसत चांगली वापरता यावी यासाठी शिक्षण. 'स्कूल' हा शब्दही ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा मूळ अर्थ फुरसत असाच आहे.

पण मैत्रिणींनो, ही फुरसत येत होती कुठून? घरात दळण, विणकाम, स्वयंपाक करणाऱ्या बायका आणि गुलाम होते म्हणून. ज्यांच्या कष्टावर शाळा चालली, त्यांना शाळेत जागा नव्हती. झेनोफन या लेखकाच्या पुस्तकात एक श्रीमंत गृहस्थ आपल्या बायकोबद्दल सांगतो : लग्न होऊन आली तेव्हा पंधराचीही नव्हती, आणि तिने कमीत कमी पाहावं, ऐकावं, विचारावं, अशाच पद्धतीने तिला वाढवलं होतं.

यावर प्लेटोने एक साधा प्रश्न विचारला. राखणीला कुत्रा ठेवतो तशी कुत्रीही ठेवतो. पिल्लं होतात म्हणून तिला काही घरात बसवत नाही. मग बाईकडून पुरुषासारखंच काम हवं असेल, तर शिक्षणही सारखंच नको का? त्याच्या मनातल्या आदर्श राज्यात राखणदार वर्गातल्या बायकांना पुरुषांसारखंच शिक्षण होतं. गरीब कष्टकऱ्यांचा विचार मात्र त्यात फारसा नव्हता. त्याच्या 'अकादमी' या विद्यापीठात लास्थेनिया आणि अक्सिओथिया या दोघी शिकल्याचं जुन्या ग्रंथांत लिहिलंय.

येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीत सह्या झाल्या, की दहा मिनिटं याच विषयावर बोला. संध्याकाळी मुलगा अभ्यासाला बसतो तेव्हा मुलगी काय करत असते? भाकरी, भांडी, पाणी यांतून तिला रोज एक तास मोकळा करून द्यायचा, तर घरातलं कोणतं काम कोण उचलेल? आणि आपल्यातल्या जिला शिकायचं राहून गेलंय, तिच्यासाठी तो तास कुठून काढायचा? काय ठरलं, ते आम्हाला जरूर कळवा.