व्हिडिओ पाहून छाती का धडधडते?

मोबाईलवर व्हिडिओ येतो. मोटारसायकलवरून दोघे येतात, गल्लीत खेळणाऱ्या मुलांतल्या एकाला उचलतात आणि पसार होतात. सोबत मजकूर : 'आपल्या भागात टोळी फिरतेय.' तुमची छाती धडधडते, तळहातांना घाम येतो आणि तोवर बोटाने तो पुढे पाठवलेलाही असतो.

हा व्हिडिओ २०१८ मध्ये देशभर फिरला. मुळात ती कराचीच्या 'रोशनी हेल्पलाइन'ची जनजागृतीची जाहिरात होती. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि सावध राहण्याचा फलक दाखवतात. तेवढाच भाग कुणीतरी कापला. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा जोरात असताना १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात जमावाने भिक्षेसाठी फिरणाऱ्या पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. हे अडाणीपणामुळे होतं असं म्हणून सोडून देऊ नका. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात २००७ साली कार्टून मालिकेच्या जाहिरातीचे दिव्यांचे फलक बॉम्ब समजून रस्ते आणि पूल बंद केले होते.

धोका दिसला की मेंदू आधी शरीराला तयार करतो, खरं-खोटं नंतर तपासतो. अ‍ॅड्रेनालिन वाढतं, नाडी जोरात चालते, श्वास भराभर होतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन बोटांना, ओठांना मुंग्या येतात, गरगरतं. मग 'मला काहीतरी होतंय' ही दुसरी भीती पहिलीवर चढते. हाच पॅनिक अटॅक. तो साधारण दहा मिनिटांत टोकाला जातो आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरतो.

आपल्या महाड-पोलादपूरच्या लोकांना तर घाबरायला खरी कारणं आहेत. जुलै २०२१ मध्ये तळियेची दरड कोसळली, ८० हून अधिक माणसं गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये एमआयडीसीतल्या औषध कारखान्यातल्या स्फोटात आणि आगीत ११ कामगार गेले. त्यानंतर सरावाचा भोंगा वाजला तरी एखाद्या आजींचे हातपाय गार पडले, तर 'उगाच घाबरतेस' म्हणू नका. लक्षणं खोटी नसतात, फक्त त्यांचं कारण वेगळं असतं.

अशा वेळी माणसाला बसवा. श्वास नाकाने हळू घ्यायला आणि त्याहून हळू सोडायला सांगा. कागदी पिशवीत श्वास घ्यायला लावू नका, दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला ते घातक ठरू शकतं.

मात्र सगळंच भीतीवर ढकलू नका. छातीतलं दुखणं हातात किंवा जबड्यात जातंय, दरदरून घाम आलाय, वय चाळिशीपुढे आहे किंवा मधुमेह आहे, तर ईसीजी लगेच काढा. डोळे चुरचुरतात, खोकला थांबत नाही, आसपासच्या इतरांनाही तेच होतंय, तर वायूचा संशय घ्या. वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर जा आणि १०८ ला फोन करा. काही वायूंचा फुप्फुसांवरचा परिणाम कित्येक तासांनी दिसतो, म्हणून बरं वाटलं तरी तपासून घ्या.

व्हिडिओबद्दल शंका असेल तर ११२ वर पोलिसांना विचारा, ग्रुपवर नको. आणि अशी धडधड काहीच कारण नसताना वरचेवर होत असेल, तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासायला या.