शेवटच्या षटकाची किंमत किती?

आजचा प्रश्न पैशाचा आहे, पण सुरुवात आपण जामठ्यापासून करू. १२ मार्च २०११. विश्वचषकाचा सामना, भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. शेवटच्या षटकात त्यांना १३ धावा हव्या होत्या. हरभजनचं एक षटक शिल्लक होतं, तरी धोनीने चेंडू आशिष नेहराच्या हातात दिला. रॉबिन पीटरसनने चौकार, षटकार, दोन धावा आणि पुन्हा चौकार मारला. चार चेंडूंत खेळ संपला. वर्धा रोडने परत येताना जो तो एकच म्हणत होता, नेहराने घालवली.

आता धावफलक नीट बघू. त्या दिवशी भारत १ बाद २६७ वर होता आणि तिथून सर्वबाद २९६ झाला. म्हणजे नऊ गडी फक्त २९ धावांत गेले. त्यातही आपले आठ चेंडू खेळायचेच राहिले. त्या आठ चेंडूंत पाच-सात धावा झाल्या असत्या, तर शेवटच्या षटकाचं गणितच बदललं असतं. मग सामना कुठे गेला? चाळिसाव्या षटकानंतर की पन्नासाव्या षटकात? फलकावर दोन्हीकडच्या धावा सारख्याच मोजल्या जातात. आपल्या लक्षात मात्र शेवटचीच राहते. बाजारही याच आठवणीवर चालतो.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये हा वाद फार जुना आहे. तिथे सामना नऊ डावांचा असतो. शेवटच्या डावात आघाडी टिकवायला एक खास गोलंदाज येतो, त्याला क्लोजर म्हणतात. तीन किंवा त्याहून कमी धावांची आघाडी त्याने एक डाव सांभाळली, की त्याच्या नावावर 'सेव्ह' लागतो. ही नोंद १९६९ पासून अधिकृत झाली, आणि पुढे या सेव्हच्या आकड्यावर पगार ठरू लागले. पण हिशेब करणाऱ्यांना एक गंमत दिसली. नवव्या डावात आघाडी घेऊन उतरणारा संघ शंभरातले साधारण ९५ सामने जिंकतो, आणि क्लोजरची प्रथा रुळायच्या आधीही साधारण तेवढेच जिंकत होता. मग जादा पैसे नेमके कशाचे? त्यांचा सल्ला असा, की चांगला गोलंदाज जरूर घ्या, पण सामना जिथे अडलाय तिथे त्याला टाका, मग तो सातवा डाव का असेना.

हे क्रिकेटला लागू पडतं का? पुन्हा जामठ्यालाच जाऊ. ५ मार्च २०१९. भारताच्या २५० धावा, ऑस्ट्रेलिया पाठलाग करतेय आणि सामना त्यांच्याकडे झुकलाय. कोहलीने बुमराहला शेवटच्या षटकासाठी राखून ठेवलं नाही. ४६व्या षटकात बुमराहने दोन गडी काढले आणि सामना परत आपल्याकडे आला. शेवटच्या षटकात ११ धावा राखायच्या होत्या. ते षटक कोणी टाकलं? विजय शंकरने. दोन बळी घेतले आणि आपण आठ धावांनी जिंकलो. नाव विजय शंकरचं झालं आणि व्हायलाच हवं. पण ते षटक टाकायची वेळ आली, ती ४६व्या षटकामुळे.

आता आयपीएलचा लिलाव घेऊ. २०१७ मध्ये पुण्याच्या संघात जयदेव उनाडकट ३० लाखांत आला आणि त्याने २४ बळी घेतले. पुढच्या वर्षी राजस्थानने त्याला साडेअकरा कोटी दिले, बळी मिळाले ११. मुलगा तोच, हात तोच. एका हंगामातली शेवटची षटकं मोजली तर ती थोडीच असतात. तेवढ्यावरून कौशल्य किती आणि नशीब किती, हे वेगळं काढता येत नाही. २०२४ साठी कोलकात्याने मिचेल स्टार्कला २४ कोटी ७५ लाख दिले. संघाची सगळी थैली १०० कोटींची, म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा एका माणसावर. पहिल्या दोन सामन्यांत आठ षटकांत शंभर धावा आणि बळी एकही नाही. अंतिम सामन्यात मात्र १४ धावांत २ बळी. आणि त्यातला अभिषेक शर्माचा बळी पहिल्याच षटकातला! पैसे वसूल झाले ते डावाच्या सुरुवातीला.

तुम्ही म्हणाल, मग शेवटच्या षटकाला काहीच किंमत नाही? तसंही नाही. बेसबॉलचा नववा डाव आधीच्या डावांसारखाच असतो. ट्वेंटी-२० मध्ये शेवटी फलंदाज विकेटची पर्वा न करता मारत सुटतो, धावा खरोखरच जास्त जातात. तिथे यॉर्कर आणि संथ चेंडू हातात असणं हे खरं कसब आहे. २९ जानेवारी २०१७ ला याच मैदानावर इंग्लंडला शेवटच्या षटकात आठ धावा हव्या होत्या. बुमराहने दोन दिल्या आणि दोन गडी बाद केले. आणि त्याच सामन्यात २८ धावांत ३ बळी घेऊन इंग्लंडला रोखून धरणारा कोण होता? आशिष नेहरा! ते कोणाला आठवतं?

म्हणून आमचं मत असं. जो सुरुवातीला गडी काढतो, मध्ये धावा आटवतो आणि शेवटीही टिकतो, त्याला भरपूर द्यावं. बुमराहला मोठी रक्कम शोभते ती म्हणूनच. फक्त 'शेवटचं षटक टाकणारा' या पाटीला कोटी मोजू नयेत. त्यातल्या निम्म्या पैशात दोन चांगले गोलंदाज मिळतात.

हे आपल्याकडे जास्त महत्त्वाचं आहे. वलनीच्या खाण कामगाराचा मुलगा उमेश यादव नव्या चेंडूच्या वेगावर भारतासाठी खेळला. विदर्भाच्याच यश ठाकूरने एप्रिल २०२४ मध्ये गुजरातविरुद्ध ३० धावांत ५ बळी घेतले. आज मैदानावर येणारी पोरं लिलावाचे आकडे पाहून आधी संथ चेंडूच शिकायला मागतात. त्यांना आपण एवढंच सांगू शकतो, की बाबा रे, आधी पहिलं षटक नीट टाक. आणि पुढच्या वेळी जामठ्याहून परत येताना शेवटच्या षटकवाल्याला शिव्या द्यायच्या आधी आपणही धावफलक वरून खाली एकदा वाचू या.