अधू नजर आणि अंगणातले गवत

पहिला पाऊस पडून पंधरा दिवस झाले की कोकणातल्या घराभोवती गवत गुडघ्याला लागते. ऑगस्टपर्यंत ते कमरेच्या वर जाते. मुंबईहून सुट्टीला आलेल्या पाहुण्यांना हा हिरवेपणा फार आवडतो. गावात राहणाऱ्याला मात्र त्यात फुरसे आठवते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आपल्या रायगड-रत्नागिरीत आहेत. त्यातले फुरसे जेमतेम हातभर लांबीचे, रंगाने पाचोळ्यासारखे. धडधाकट नजरेच्या माणसालाही ते चटकन दिसत नाही. मग ज्यांना मुळात कमी दिसते त्यांच्यासाठी घराभोवतीचे गवत आखूड ठेवणे ही हौस नाही, गरज आहे.

अडचण अशी की ज्या माणसाला या आखूड गवताची सर्वांत जास्त गरज असते, त्याच्याच हातून घरचे लोक विळा काढून घेतात. आमच्या घरीही हे झाले. आमचे अब्बा, म्हणजे सासरे, अडुसष्ट वर्षांचे. उभी हयात जहाजावर गेली. निवृत्तीनंतर गावी घर बांधले, भोवती पाच गुंठे जागा. दोन्ही डोळ्यांना काचबिंदू. औषधाचे थेंब नियमित चालू आहेत, पण जी नजर गेली ती परत येत नाही. घरातल्या प्रत्येकाने काळजीपोटी एकेक काम त्यांच्याकडून कमी केले. शेवटी एके दिवशी ते म्हणाले, "वाडीत नको, विहिरीवर नको, रस्त्यावर नको. मग मी करू तरी काय? मोहताज करून ठेवलंत मला." या शब्दानंतर घरात कुणी वाद घातला नाही. आम्ही दोघे यंत्राच्या शोधाला लागलो. त्या शोधात जे समजले, जे विचारून आणि हाताळून घेतले, ते इथे लिहीत आहोत. पुण्या-नाशकात बंगल्यापुढे हिरवळ असलेल्यांना आणि विलायतेत किंवा केपटाऊनला राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांनाही ते उपयोगी पडावे.

यंत्राआधी नजर. 'कमी दिसते' हा एकच शब्द आपण सगळ्यांना वापरतो, पण कमी दिसण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत. काचबिंदूत बाजूचे दिसणे हळूहळू जाते आणि मधले बराच काळ टिकते, जणू नळीतून पाहावे तसे. त्यामुळे असा माणूस पेपर वाचतो आणि वाटेतल्या बादलीला मात्र अडखळतो. घरचे म्हणतात, वाचताना बरे दिसते! हा टोमणा फार लागतो, आणि तो चुकीचाही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये अल्पदृष्टीची व्याख्या दोन तऱ्हांनी केली आहे. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी पण ३/६० पर्यंत असेल तर ती अल्पदृष्टी. आणि अक्षरे नीट दिसत असली तरी दृष्टीचा पसारा ४० अंशांपेक्षा कमी, १० अंशांपर्यंत उरला असेल तर तीही अल्पदृष्टीच. दोन्ही डोळ्यांनी मिळून आपल्याला साधारण १८० अंशांचे दिसते, हे लक्षात घेतले म्हणजे ४० अंशांत वावरणे काय असते ते कळेल.

वयोमानाने पडद्याचा मधला भाग झिजतो तेव्हा नेमके उलटे होते. चेहरे, अक्षरे पुसट होतात, पण कडेचे दिसत राहते. असा माणूस वाट न चुकता चालतो आणि यंत्रावरचा खटका मात्र त्याला दिसत नाही. मधुमेहाने पडदा बिघडला तर दिसण्यात जागोजाग काळे डाग पडतात. मोतीबिंदूत सगळेच धुरकट होते आणि ऊन डोळ्यांवर येते. मोतीबिंदू असेल तर आधी शस्त्रक्रिया करून घ्यावी, यंत्राचा विचार नंतर. बाकीच्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून 'फील्ड टेस्ट'चा कागद घेऊन कोणत्या बाजूचे दिसत नाही ते विचारावे. अब्बांना खालचे, पायाजवळचे कमी दिसते हे आम्हाला त्या कागदावरून कळले, आणि यंत्र निवडताना तेच सर्वांत कामाला आले.

आता यंत्रे. आपल्या भागात गवत कापायचे म्हटले की दुकानदार पहिल्यांदा खांद्याला अडकवायचा पेट्रोलवरचा ग्रास कटर पुढे करतो. धडधाकट आणि सराव असलेल्या माणसासाठी तो चांगला आहे, पण कमी दिसणाऱ्याच्या हाती तो अजिबात देऊ नये. त्याचे पाते मिनिटाला हजारो फेरे घेते आणि ते उघडे असते. खडा लागला तर गोळीसारखा उडतो, म्हणूनच यंत्र चालू असताना इतरांनी किमान १५ मीटर लांब राहावे असे त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते. पाते झाडाच्या बुंध्याला किंवा दगडाला टेकले तर सबंध यंत्र झटक्याने बाजूला फेकले जाते. आणि पंधरा मीटरच्या आत नातवंड आले आहे की नाही, हे ज्याला दिसत नाही त्याने पाहायचे कसे? ऐकू तर येणारच नाही, कारण आवाज इतका की कानांवर झाकण लावावे लागते. नजर कमी झालेला माणूस अर्धे जग कानांनी पाहत असतो. त्याचे कान बंद करणारे यंत्र त्याच्यासाठी नाही.

हेच पेट्रोलवरच्या चाकांच्या यंत्रालाही लागू. त्याचे पाते झाकलेले असते एवढीच जमेची बाजू. तापलेला सायलेन्सर आणि अंदाजाने ओतायचे पेट्रोल हे दोन धोके तिथेही आहेतच. वायरवर चालणारे विजेचे यंत्र स्वस्त आणि हलके असते, पण त्याची वायर सतत पायाखाली आणि पात्यासमोर येते. ती कुठे आहे हे डोळ्यांनीच पाहावे लागते. त्यात आपल्याकडचे ओले गवत. आधीच घरात असे यंत्र असेल तर निदान ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवल्याशिवाय ते कुणीच लावू नये, नजर कशीही असो.

मग उरतात दोन पर्याय.

पहिला सर्वांत जुना. इंग्लंडमध्ये स्ट्राउड इथल्या एडविन बडिंग याने १८३० मध्ये गवत कापायच्या यंत्राचे पेटंट घेतले. कापडावरची लव छाटणारे यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली होती. त्याच धर्तीचे हाताने ढकलायचे यंत्र आजही मिळते. नगरपालिकेच्या बागेत माळी ते ढकलताना आपण पाहिले असेल. दोन चाकांच्या मध्ये रुळावर वळणदार पाती, खाली एक स्थिर पाते, आणि दोहोंच्या मध्ये गवत कात्रीत सापडावे तसे कापले जाते. इंजिन नाही, वायर नाही. आपण थांबलो की पाती थांबतात. काटकी अडकली तर यंत्र जागीच अडते आणि ते हातांना लगेच कळते. दगड दूर उडत नाही. आवाज इतका कमी की शेजारचा माणूस बोलला तरी ऐकू येते. कुठे कापले गेले आणि कुठे राहिले हेही आवाजावरून ओळखता येते: गवत कापले जात असताना करकर आवाज येतो, आधी कापलेल्या जागेवर नुसता खुळखुळ.

त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. चार बोटांपेक्षा उंच गवत ते कापत नाही, नुसते आडवे करते. जमीन सपाट हवी. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, कधी दोनदा फिरवावे लागते. आणि बंद असताना निरुपद्रवी वाटले तरी चाक हलले की पाती फिरतात, तेव्हा अडकलेली काटकी बोटाने काढायची नाही, काठीने काढायची.

दुसरा पर्याय बॅटरीवरचे चाकांचे यंत्र. ज्यांचे गुडघे किंवा छाती ढकलण्याचे कष्ट सोसत नाहीत त्यांच्यासाठी हे बरे. यात दोन गोष्टी असल्याशिवाय ते घेऊ नये. मुठीजवळ एक आडवी दांडी असते. ती मुठीबरोबर दाबून धरली तरच पाते फिरते आणि सोडली की थांबते. अमेरिकेत १९८२ पासून नियमच आहे की अशा यंत्राचे पाते दांडी सोडल्यावर ३ सेकंदांत थांबले पाहिजे. तीन सेकंद कमी वाटतात, पण चाळीस सेंटिमीटरचे पाते मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटर होतो. (हे गणित दहावीच्या मुलांना घालून पाहावे, कंटाळलेला वर्ग जागा होतो.) दुसरी गोष्ट म्हणजे काढून खिशात ठेवता येणारी किल्ली. किल्ली खिशात असताना कुणाचा हात चुकून खटक्याला लागला तरी यंत्र चालू होत नाही. साफसफाई करताना किल्ली आणि बॅटरी दोन्ही बाहेर. दांड्या किंवा बॅटरीच्या पट्ट्या तारेने बांधून ठेवायचा सल्ला एका दुकानात आम्हाला फुकट मिळाला, "हात दुखत नाहीत मग" म्हणून. आम्ही त्या दुकानातून निघून आलो.

परदेशात आपोआप फिरणारी यंत्रेही मिळतात. पैसा असेल त्यांनी जरूर पाहावीत, पण अब्बांसारख्या माणसाला खुर्चीवर बसवून यंत्राला काम देणे हे आमच्या तरी मनात नव्हते.

दुकानात एक परीक्षा आवर्जून घ्यावी. यंत्र बंद ठेवून, किल्ली काढून, आपण स्वतः डोळे मिटावेत आणि मूठ धरून उभे राहावे. खटका कुठे, दांडी कुठे, उंची कमी-जास्त करायची कळ कुठे, गवताची पिशवी कशी काढायची, हे हातांनी सापडते का? कुठलीही वस्तू शोधताना बोटे पात्याच्या बाजूला जातात का? जे आपल्याला डोळे मिटून जमत नाही ते कमी दिसणाऱ्याला जमणार नाही. आणि ज्यांच्यासाठी घ्यायचे त्यांना बरोबर न्यावेच. तीन दुकाने फिरलो, तिन्हीकडे विक्रेता आमच्याशीच बोलत होता. शेवटी अब्बांनीच विचारले, "याचं वजन किती, आणि पातं कुणाकडे लावून मिळेल?" या दोन प्रश्नांनी त्याचा सूर बदलला. त्यांनी घेतले ते हाताने ढकलायचे, आठ-दहा किलोचे.

यंत्र आणले म्हणजे झाले असे नाही, अंगणही तयार करावे लागते. पावसाळा संपताना आम्ही माणूस लावून ग्रास कटरने सगळे गवत एकदा खाली आणले. त्या वेळी अब्बा घरात. मग जागा सपाट केली आणि घराभोवतीचा दोन गुंठ्यांचा तुकडा त्यांच्यासाठी राखला, बाकीची वाडी नाही. कडेने जांभ्याचे चिरे पुरले, जमिनीच्या बोटभर वर. यंत्राचे चाक चिऱ्याला टेकले की हद्द संपली. उतारावरचा भाग आणि विहिरीकडची बाजू हद्दीच्या बाहेर ठेवली.

कापण्याआधी दाताळे. संपूर्ण तुकड्यावर ते एकदा फिरवले की दगड, करवंट्या, झावळ्यांचे तुकडे हाताला लागतात. सापासाठीही हे चांगले. जमिनीला हादरे बसले की तो बहुधा आधीच निघून जातो. मग पांढरी जाड दोरी दोन खुंट्यांना ताणून बांधायची, तिच्या कडेने सरळ जायचे, टोकाला दोरी सरकवायची आणि आधीच्या पट्ट्यावर अर्धे चाक ठेवून पुढचा पट्टा घ्यायचा. यंत्र नेहमी पुढे ढकलायचे. आपल्याकडे ओढताना पाय पात्याखाली येतो. अब्बा व्हरांड्यात रेडिओ लावून ठेवतात. आवाज कोणत्या कानाला येतो त्यावरून घर कुठल्या दिशेला हे त्यांना कळते. ही युक्ती त्यांची स्वतःची, जहाजावरच्या भोंग्याची.

मुठीला पिवळी चिकटपट्टी गुंडाळली तर ती हिरव्यावर उठून दिसते. बॅटरीच्या यंत्राच्या खटक्यावर नखपॉलिशचे दोन-तीन थर देऊन उंचवटा करता येतो. पायात जाड बूट, चप्पल नाही. डोळ्यांवर न फुटणारा चष्मा. ज्याच्याकडे थोडीच नजर उरली आहे त्याने ती सर्वांत जास्त जपायला हवी. वेळ दव सुकल्यानंतरची सकाळची, नाहीतर असरच्या नमाजानंतर लगेच. मगरिबच्या आधीचा अर्धा तास नको, कारण काचबिंदूवाल्यांना आणि रातांधळेपणा असलेल्यांना संधिप्रकाशात फारच कमी दिसते. मुले त्या वेळेत घरात, आणि कुणीतरी हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर.

मधुमेह असणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. पुष्कळदा डोळ्यांबरोबर पायांची संवेदनाही गेलेली असते. जखम झाली तरी कळत नाही. तळव्याला बोट लावलेले कळते का ते आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. साखर एकदम खाली जाण्याची सवय असेल तर रिकाम्या पोटी यंत्राला हात लावू नये. आणि तोल जात असेल, चक्कर येत असेल, तर हाताचे यंत्रही नको. दाताळे द्यावे, कुंड्या द्याव्यात.

आमच्या जमातीतल्या काहींनी अब्बांचे यंत्र पाहून कब्रस्तानासाठी एक घ्यावे असे सुचवले. शब-ए-बरातच्या आधी तिथे गवत काढावेच लागते. पण कब्रींचे उंचवटे आणि पुरलेले दगड यांत चाकांचे यंत्र फिरत नाही. तिथे विळाच हवा. अब्बा आता गवत कापतात रविवारी आणि बुधवारी. पाती लावायला वर्षातून एकदा ते स्वतः एसटीने तालुक्याला घेऊन जातात. डबा आम्ही देतो, सोबतीला मात्र ते कुणाला घेत नाहीत.