निलंबित डिटेक्टिव्हला माहिती कोण देतं?

गुन्हेकथांवर संशोधन करणार असाल, तर एक प्रसंग तुम्हाला पुन्हा पुन्हा भेटेल: डिटेक्टिव्ह निलंबित होतो, तरी तपासातली गोपनीय माहिती त्याच्यापर्यंत पोचतेच. आपण लगेच विचारतो, "असं खरंच होतं का?" पण हा प्रश्न 'हो' किंवा 'नाही'वर संपतो. त्यापेक्षा असं विचारा: माहिती कोण देतं, का देतं आणि किंमत कोण मोजतं?

इयन रँकिनच्या 'एक्झिट म्युझिक'मध्ये (२००७) एडिनबराचा इन्स्पेक्टर रीबस ऐन निवृत्तीच्या तोंडावर निलंबित होतो. सहकारी शिवॉन क्लार्क त्याच्याशी तपासाबद्दल बोलत राहते. यात विश्वास आहे, पण पणाला लागते ती तिची नोकरी. मायकेल कॉनेलीच्या 'द लास्ट कायोटी'त (१९९५) सक्तीच्या रजेवरचा बॉश आपल्याच वरिष्ठाचं, पाउंड्सचं, नाव सांगून चौकशी करतो. परिणाम? पाउंड्सचा खून होतो. (कथानक फोडलं, माफ करा!)

तरी वाचक नायकाच्याच बाजूने राहतो. कारण त्याचं मन लेखक आपल्याला आतून दाखवतो. किंमत मोजणाऱ्याकडे लक्ष कमी जातं. म्हणून दुसऱ्या वाचनात क्लार्क आणि पाउंड्स यांचे प्रसंग आधी अधोरेखित करा. तुमचा संशोधनप्रश्न बहुधा तिथेच सापडेल.