काट्याचा पू आणि पेशीच्या मागं राहणारे फुगे

हिवरे बाजार : आपल्या गावात चराईबंदी आहे. डोंगरावरचं गवत विळ्यानं कापून आणायचं. मागच्या आठवड्यात कापताना बोटात काटा मोडला, दोन दिवसांत ठणका लागून पू झाला. पू म्हणजे बहुतेक मेलेल्या पांढऱ्या पेशी. जंतू मारायला त्या रक्तातून बाहेर पडून मांसातून सरकत जखमेपर्यंत येतात.

पेशी अशी सरकते तेव्हा तिच्या मागं बारीक धागे ओढले जातात आणि धाग्यांवर फुगे धरतात. बीजिंगच्या चिंघुआ विद्यापीठातले ली यू यांच्या गटानं २०१५ मध्ये त्यांना 'मायग्रासोम' नाव दिलं. मोठ्यात मोठा फुगा मिलिमीटरच्या हजार भागांतले तीन भाग, आणि त्याच्या आत डाळिंबाच्या दाण्यांसारख्या आणखी बारीक पिशव्या!

पेशी पुढं जाते, धागा तुटतो, फुगा तिथंच राहतो. तो फुटतो, नाहीतर दुसरी पेशी गिळते, म्हणजे निरोप पोचतो. झेब्रा माशाच्या गर्भात अवयव योग्य जागी व्हायला हेच निरोप लागतात, असं २०१९ मध्ये दिसलं.

२०२१ मध्ये आणखी एक कळलं. पेशीला ताकद पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया बिघडले की पेशी ते याच फुग्यांत भरून टाकून देते. पांढऱ्या पेशीही हेच करतात. चालता चालता गोठा साफ!

यावरून काट्याचं औषध मात्र अजून निघालेलं नाही. काटा काढायचा, साबणानं धुवायचं. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते मला आठवेना, म्हणून आरोग्य केंद्रात जाऊन घेऊन आलो.