चुनखडकात अडकलेलं सल्फेट

समुद्रात चुनखडक तयार होताना पाण्यातलं थोडं सल्फेट कॅल्साइटच्या स्फटिकात कार्बोनेटच्या जागी जाऊन बसतं. त्या काळच्या पाण्याची ती अस्सल नोंद ठरते.

■ खूण: गंधकाची स्थिर समस्थानिकं चार. सुमारे ९५ टक्के गंधक-३२ आणि ४ टक्क्यांच्या आसपास गंधक-३४. या दोघांचं गुणोत्तर कॅन्यन डायब्लो उल्केवर आधारित प्रमाणाशी ताडून पाहतात. आजच्या समुद्रातल्या सल्फेटचा आकडा सुमारे +२१ प्रतिसहस्र आहे.

■ आकडा का बदलतो? प्राणवायू नसलेल्या गाळातले जिवाणू सल्फेट वापरताना हलकं गंधक-३२ अधिक घेतात. ते लोहाशी जुळून पायराइटच्या रूपात गाडलं जातं. पायराइट जितकं जास्त गाडलं जाईल, तितकं पाण्यातलं गंधक जड होतं.

■ मोजणी: खडकाची पूड धुऊन हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवतात. गाळलेल्या द्रावणात बेरियम क्लोराइड घातलं, की बेरियम सल्फेटचा पांढरा साका तळाशी बसतो. तोच मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जातो.

■ खबरदारी: खडकातलं पायराइट प्रक्रियेदरम्यान ऑक्सिजनच्या संपर्कात आलं, तर त्याचं हलकं गंधक नमुन्यात मिसळतं आणि आकडा खोटा उतरतो.

■ काय उलगडलं? सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीच्या, कँब्रियन काळाच्या उत्तरार्धातल्या नेवाडा, मिसुरी आणि क्वीन्सलँडच्या चुनखडकांत कार्बन व गंधक दोन्ही एकाच वेळी जड झालेले आढळले. प्राणवायूहीन, सल्फाइडयुक्त पाणी तेव्हा समुद्रात दूरवर पसरलं होतं, या निष्कर्षाला त्यातून आधार मिळाला.