ताप दिसतो, जंत दिसत नाहीत

मैत्रिणींनो, २०१९ च्या महापुरानंतर आम्ही विश्रामबागेतल्या बायका साध्या कणकणीलाही डेंग्यू-लेप्टोच्या धास्तीने रक्त तपासून घ्यायचो. पण पोर नुसतेच फिकट, मलूल असले तर? "गूळ खातो, झोपेत दात खातो, जंतच!" म्हणून आपण मोकळ्या! अहो, गुळाने जंत होत नाहीत. अंडी मातीच्या हातांतून, न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात. अंकुशकृमी तर अनवाणी पायांतून शिरतो नि आतड्यात रक्त पितो. असली मुकी दुखणी मृत्यूच्या आकड्यांत दिसत नाहीत. म्हणून जागतिक बँकेच्या १९९३ च्या अहवालात आजारपणात वाया गेलेली वर्षेही मोजली. जंतनाशक दिनी शाळेत अल्बेंडाझोलची गोळी देतात, ती चुकवू नका. तरीही फिकटपणा राहिला तर हिमोग्लोबिन नि शौच तपासा. एकदा अंडी सापडली नाहीत तर दुसऱ्या दिवशीचा नमुना पुन्हा द्या.